जमिनीवरचा अबोला

चार वर्षं नणंद-भावजय एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्यांतली शेवटची दोन वर्षं त्या एकाच शिडाच्या बोटीत बसून शर्यतीला उतरत होत्या. ऐकणाऱ्याला हे थाप मारल्यासारखं वाटतं. पण थाप नाही. अबोला होता तो जमिनीवरचा. बोट पाण्यात तरंगली की तोंडं उघडायची, तीही बोटीपुरतीच. "झोत येतोय." "वळतेय." "सोड." "ओढ, ओढ, ओढ!" बोट परत किनाऱ्याच्या उताराला लागली, बुडाला वाळू घासली, की दोघींच्या तोंडाला पुन्हा कुलूप.

मधल्या मध्ये सापडला होता तो एक माणूस, थोरलीचा धाकटा भाऊ आणि धाकटीचा नवरा. पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात निरोप पोचवायचा. "तिला सांग, साबण संपलाय." "त्यांना सांग, कपाटात नवा आहे." साबण, कपाट, बहीण आणि बायको या सगळ्या गोष्टी एकाच खोलीत असल्या तरी निरोप त्याच्याकडूनच जायचा. क्लबातल्या कुणा टवाळानं त्याचं नाव टपाल ठेवलं आणि ते असं चिकटलं, की नवीन आलेली मंडळी त्याला 'टपालकाका' म्हणायला लागली.

अबोल्याचं कारण फार मोठं नव्हतं, आणि लहानही नव्हतं. सासरे होड्या बांधायचे. मुलगी आणि मुलगा, दोघांच्या हातात त्यांनी लहानपणीच शिडाची दोरी दिली होती. ते गेल्यावर त्यांची खोली दोन महिने तशीच बंद होती. नणंद आठवडाभर परगावी शर्यतीला गेली, तेव्हा भावजयीनं पदर खोचला आणि खोली आवरून काढली. पलंग दवाखान्याला दिला, कपडे वाटले, भिंतींना पांढरा रंग दिला आणि आडव्या दोऱ्या बांधल्या. नणंदेची ओली शिडं कायम जिन्यात लोंबकळायची. आता ती इथं वाळतील, खूश होतील ताई, असा तिचा सरळ विचार. ताई आल्या, खांद्यावरची बॅगसुद्धा खाली न ठेवता दारात उभ्या राहिल्या आणि वळून आपल्या खोलीत गेल्या. त्या वळल्या ते वळल्याच. चार वर्षं.

भावजयीनं त्या दिवशी कानाला खडा लावला. नणंदेनं ठेवलेल्या वस्तूला आपला हात लागता कामा नये. चष्मा असो, पेन असो, अर्धा प्यायलेला कप असो. टेबल पुसताना ती कपाच्या भोवतीनं फडकं फिरवायची, मग टेबल स्वच्छ आणि मध्ये कपाएवढं गोल तसंच. पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसाला साठ माणसांच्या दंडातून रक्त काढणारी बाई, हात थरथरणं तिला माहीत नव्हतं. पण घरात नणंदेचा रुमाल खुर्चीवरून खाली पडला तर ती तो उचलायची नाही, नवऱ्याला हाक मारायची.

बोटीत ती आली ती वजनामुळे. दोन माणसांची बोट. मागं सुकाणूवर नणंद, पुढच्या जागेवर भाऊ, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग लिफ्टच्या खोलीत एक जड पुली उचलताना भावाचा खांदा फाटला. डॉक्टरांनी दोन वर्षं दोरीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. नणंदेनं सगळा क्लब पालथा घातला. कुणी जड, कुणी हलकं, कुणी वळताना घाबरणारं. शेवटी एका सकाळी ती भिंतीकडे बघत भावाला म्हणाली, "तिला विचार, वजन किती?"

"बासष्ट," भावजय भाजी चिरता चिरता नवऱ्याला म्हणाली.

"कमीच आहे," नणंद भावाला म्हणाली. "पण चालेल म्हणावं."

झाली नेमणूक. लग्नाआधी नवऱ्याबरोबर हौसेनं शिकलेलं चार आण्याचं ज्ञान घेऊन भावजय बोटीत शिरली. पहिले सहा महिने गुडघे काळेनिळे होते. मग तिला एक गोष्ट जमायला लागली, आणि ती फार थोड्यांना जमते. तिला पाणी वाचता यायचं. जोराच्या वाऱ्यात पुढच्या माणसानं कमरेचा आकडा डोलकाठीच्या तारेत अडकवून, पाय बोटीच्या काठावर रोवून, सगळं अंग बाहेर पाण्यावर झोकून द्यायचं असतं. तसं लोंबकळता लोंबकळता ती लांबवर वाऱ्यानं पाण्याचा रंग कुठं गडद होतोय ते बघायची आणि मोजायची. "तीन. दोन. एक. आला!" आणि झोत त्याच क्षणी शिडावर यायचा. नणंद मान वर करून खात्रीसुद्धा करायची नाही. जमिनीवर जिच्याकडे ती बघत नव्हती, तिच्या शब्दावर ती पाण्यात आंधळेपणानं सुकाणू फिरवायची.

भावजयीला ती जागा प्रिय झाली, आणि का झाली हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरातलं मोठं माणूस तिच्याशी बोलायचं ते फक्त तिथं. "ओढ" म्हटलं तरी ते तिलाच म्हटलेलं असायचं, मध्ये टपाल नसायचं. आठवड्यातून तीन दिवस तिला कुणीतरी थेट ओरडायचं, आणि त्या ओरडण्यावर ती उरलेले चार दिवस काढायची.

आता मात्र नवऱ्याचा खांदा बरा झाला होता. डॉक्टरांनी हात वर करून, मागं नेऊन, गोल फिरवून बघितला आणि परवानगी दिली. नवरा त्या दिवशी लहान मुलासारखा खूश होता. तिनंही हसून दाखवलं.

अशात परदेशातल्या शर्यतीचं ठरलं. चाळीसेक देशांच्या बोटी, पाच दिवस. संघटनेच्या सचिवांनी निघण्याआधीच नियम वाचून दाखवला होता. पहिल्या बारांत आलेली जोडी पुढच्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेला तशीच्या तशी जाणार. जोडी फोडायची नाही. बाराच्या बाहेर गेलात, तर त्या स्पर्धेसाठी सुकाणूवाल्यानं आपला जोडीदार नव्यानं निवडावा. याचा अर्थ भावजयीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बारावा नंबर म्हणजे जागा राहिली. तेरावा म्हणजे जागा नवऱ्याची.

विमानात टपाल मधल्या सीटवर होता, हे सांगायलाच नको.

राहायला त्यांना सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचं दोन खोल्यांचं घर मिळालं. खिडकीतून बंदरातल्या डोलकाठ्या दिसायच्या, आणि वारा सुटला की दिवसभर त्यांच्यावर दोऱ्या आपटल्याचा टिणटिण आवाज यायचा. स्वयंपाकघरात खुर्च्या दोनच होत्या. नणंद जेवून उठली की भावजय बसायची, आणि टपाल ओट्याला टेकून उभ्यानं दोन्ही पंगतींत जेवायचा.

बोट भाड्याची होती, एक्केचाळीस नंबरची. पहिल्या दिवशी तिचं मोजमाप झालं, शिडांवर शिक्के बसले, आणि मग सगळ्यांना उताराच्या तोंडाशी नेऊन एक निळा फळा दाखवण्यात आला. फळ्यावर ओळीनं आकडे ठोकलेले आणि प्रत्येक आकड्याला एक गोल बिल्ला लटकवलेला, त्यावर बोटीचा नंबर. पाण्यात जाताना आपला बिल्ला काढून न्यायचा, परत आलं की लावायचा. शर्यत संपल्यापासून तासाभरात बिल्ला फळ्यावर दिसला नाही, तर तीन गुणांचा दंड. शिडाच्या शर्यतीत गुण जितके कमी तितकं बरं, तेव्हा तीन गुण वाढणं म्हणजे चांगलाच फटका. नियम कडक होता, त्याचं कारण साधं होतं; फळ्यावर रिकामा आकडा राहिला, तर कुणीतरी अजून समुद्रात आहे असं समजून शोधायला बोटी निघायच्या. फळ्याशेजारी एक बाई घडीच्या खुर्चीवर शिट्टी आणि वही घेऊन बसलेली असायची. तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं, की इथं गयावया चालणार नाही.

एक्केचाळीसचा बिल्ला रोज टपाल सांभाळायचा. सकाळी तो काढून बायकोच्या जाकिटाला लावायचा, आणि परत आल्यावर गुडघाभर पाण्यात उभा राहून आधी हात पुढं करायचा. बोट नंतर, बिल्ला आधी. नणंद-भावजयींना त्यात लक्ष घालावं लागलं नाही.

चार दिवस वारा दणकून होता. पोरंसोरं चालवत असलेल्या बोटी उलट्या झाल्या, एकीची डोलकाठी मोडली. भावजय तारेला लटकून इतकी ताणली गेली, की चौथ्या दिवशी तिला कपाटातला कप काढायला हात वर नेता येईना. तरी चौथ्या दिवसाअखेर यादी लागली तेव्हा एक्केचाळीस नंबर बाराव्या जागी होता. अगदी काठावर. टपालनं दोघींना वेगवेगळं जाऊन सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी टपालचा गाल पावासारखा फुगला. अक्कलदाढ. चाळिशीला आलेल्या माणसाला आत्ता कसली अक्कल येतेय, असं सोबत आलेले सचिवसुद्धा म्हणाले. पण तो भिंतीला डोकं टेकून कण्हत होता, तेव्हा त्याला गाडीत घालून दातांच्या डॉक्टरकडे न्यावंच लागलं. गाडीच्या खिडकीतून तो बायकोकडे बघून "बि... बि..." असं काहीतरी म्हणाला. तिला वाटलं, 'भितो' म्हणतोय. तिनं त्याचा हात थोपटला.

ती फळ्यापाशी गेली तर एक्केचाळीसचा आकडा रिकामा. नणंद आधीच येऊन बिल्ला घेऊन गेली होती. बरं झालं, म्हणून ती बोटीकडे गेली.

शेवटच्या दिवशी शर्यत एकच होती आणि ती तिच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली शर्यत झाली. वारा सकाळपासून तुटक येत होता, कुठं जोरात, कुठं काहीच नाही. अशा वाऱ्यात ताकदीपेक्षा नजर लागते. बाकीच्या बोटी डावीकडे गेल्या. भावजयीला उजवीकडे, जवळजवळ धक्क्याच्या सावलीत, पाण्यावर एक काळा पट्टा सरकताना दिसला.

"उजवीकडे," ती म्हणाली.

"तिकडे कुणी नाहीये," नणंद म्हणाली.

"वारा आहे."

नणंद अर्धा श्वास थांबली आणि वळली. "तीन. दोन. एक. आला!" आणि खरंच आला. सतरा बोटी एका दमात मागं पडल्या. शेवटची रेषा त्यांनी नवव्या क्रमांकानं ओलांडली, आणि दोघींनी मनातल्या मनात बेरीज केली. अकरावा नंबर. बाराच्या आत. जागा राहिली.

"छान," नणंद म्हणाली.

'छान' हा बोटीतला शब्द आहे की जमिनीवरचा, याचा विचार भावजय किनारा येईपर्यंत करत राहिली. दोन वर्षांत तो एकदाही आला नव्हता.

बोट उताराला लागली. कुणी हात पुढं करून उभं नव्हतं. दोघींनी मिळून ती गाड्यावर चढवली, वर ओढली, आणि तोंडं पुन्हा बंद. नणंदेनं आपल्या जाकिटाचा बिल्ला सोडला, बोटीच्या पुढच्या फळीवर, भावजयीच्या बरोब्बर समोर, नंबर वर करून ठेवला आणि कपडे बदलायला निघून गेली.

भावजयीनं बिल्ला पाहिला. ताईंनी ठेवलाय. येतील, लावतील. तिनं नळी आणून बोट गोड्या पाण्यानं धुतली, दोऱ्या गुंडाळल्या, फळी पुसली. बिल्ल्याच्या भोवतीनं फडकं फिरवलं आणि तो होता तिथंच ठेवला. मग तीही कपडे बदलायला गेली. तिथून नवऱ्याला फोन लावला, पण त्याच्या तोंडात कापूस होता.

दुपारी यादी लागली. एक्केचाळीस नंबरपुढं तीन गुण वाढवलेले, शेजारी लाल खूण. तेरावा नंबर.

भावजय यादीसमोर उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग ती पळत बोटीपाशी गेली. बिल्ला फळीवर, नंबर वर करून, जसाच्या तसा उन्हात चमकत होता.

दाद मागायची सोय होती. क्लबाच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत एका लांब टेबलामागं तीन पंच बसले होते. मध्ये अध्यक्ष, पांढऱ्या केसांची, बारीक आवाजाची बाई. सचिव दुभाष्या म्हणून कोपऱ्यात बसले. नणंद-भावजयींना शेजारी शेजारी खुर्च्या दिल्या. दोघींनी आपापली खुर्ची जरा बाजूला सरकवली.

"बिल्ला लावायचं काम कुणाचं होतं?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"मी तिच्यासमोर ठेवला होता," नणंद त्यांना म्हणाली. "ती लावणार म्हणून."

"त्यांनी ठेवला होता," भावजय त्यांना म्हणाली. "त्याच लावणार म्हणून."

"तुम्ही एकमेकींना विचारलं नाही?"

सचिवांनी प्रश्नाचं भाषांतर केलं आणि छताकडे बघायला लागले. घरचं उघड्यावर मांडायची भावजयीला लाज वाटली. पण समोरची बाई सरळ विचारत होती, आणि सरळ उत्तराशिवाय दुसरं काही तिला सुचेना.

"आम्ही जमिनीवर बोलत नाही," ती म्हणाली.

एका पंचानं काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

"बोटीत बोलता?"

"हो."

"मग बोटीतच का नाही विचारलं?"

"बोट जमिनीवर आली होती."

सचिवांनी हेही इमानेइतबारे भाषांतर करून सांगितलं. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या हसू आवरत होत्या की राग, ते कळत नव्हतं.

"बिल्ला तुमच्या समोर होता," त्या भावजयीला म्हणाल्या. "दिसत होता. फळा वीस पावलांवर. उचलून लावला का नाही?"

"त्यांनी ठेवलेल्या वस्तूला मी हात लावत नाही."

"का?"

"एकदा लावला होता," भावजय म्हणाली.

नणंदेनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. असं तोंडाकडे तोंड करून ती चार वर्षांत पहिल्यांदा बघत होती, आणि भावजय मात्र टेबलाच्या कडेकडे बघत होती, त्यामुळे ते तिला दिसलं नाही.

दंड कायम राहिला. नियमात सूट द्यायला जागाच नव्हती, असं अध्यक्षीणबाईंनी दिलगिरीनं सांगितलं. जिन्यात सचिवांनी नणंदेला थांबवलं. "तेरावा नंबर. म्हणजे आता तुमची तुम्हाला मोकळीक. जोडीदाराचं नाव महिनाअखेर कळवा." मागच्या पायरीवर भावजय उभी होती. तिनं ते ऐकलं.

दोघी बोटीपाशी आल्या. भाड्याची बोट परत द्यायची होती, शिडं काढून घडी करायची होती, आणि शीड एकट्यानं घडी करता येत नाही. एक टोक एकीनं धरलं, दुसरं दुसरीनं. घडीवर घडी पडत गेली.

"तू मला विचारायला हवं होतंस," नणंद म्हणाली.

भावजयीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. म्हणजे हे तिलाच होतं.

"बिल्ल्याचं?"

"बाबांच्या खोलीचं."

भावजयीच्या हातातलं शीड सैल पडलं.

"ते नीट धर. वाळू लागेल," नणंद म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "रोज संध्याकाळी कामावरून आले की मी त्या खोलीत जाऊन बसायचे. दहा मिनिटं. त्यांच्या चादरीला अजून वार्निशचा वास होता. तुला माहीत होतं?"

"नाही, ताई."

"कसं असणार? मी कुठं कुणाला सांगितलं! आले तर खोलीला रंगाचा वास. पांढरी फटक. जणू तिथं कधी माणूस राहतच नव्हता. माझा बाप तू आठ दिवसांत पुसून टाकलास."

"तुमची शिडं जिन्यात पडायची म्हणून मी..."

"माहितेय गं मला! दोऱ्या पाहिल्या ना मी. अगदी माझ्या हाताच्या उंचीवर बांधल्या होत्यास. म्हणून तर भांडता आलं नाही. वाईट मनानं केलं असतंस ना, तर त्याच दिवशी तुझ्या झिंज्या उपटून मोकळी झाले असते. चांगुलपणानं केलंस. चांगुलपणाशी कसं भांडायचं, सांग मला?"

शेजारच्या बोटीवाले काम थांबवून बघत होते. त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण प्रकरण कळत होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हो, चुकलं," नणंद म्हणाली. "आणि माझंही. पण आधी तुझं."

आधी नणंद रडली, मग भावजय. फार वेळ नाही. शीड दोघींच्या हातात होतं आणि ते खाली ठेवता येत नव्हतं, त्यामुळे डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. दोघींनी खांद्याला गाल घासले आणि उरलेल्या घड्या पुऱ्या केल्या.

"आता दुसरं सांगते," नणंद म्हणाली. आवाज एकदम सुकाणूवरचा झाला होता. "पुढच्या वर्षी तो बसेल. हे रागानं नाही. वाऱ्याचे चार दिवस आपण कशात मार खाल्ला? वजनात. तू बासष्ट, तो सत्तर. मोठ्या स्पर्धेत असाच वारा असणार. आणि आता आपण बोलायला लागलोच आहोत. त्यासाठी तुला बोट लागणार नाही."

बोलणं पुन्हा सुरू झालंच होतं. भावजयीला जे हवं होतं, ज्याच्यासाठी तिनं गुडघे फोडून घेतले आणि खांदे ताणून घेतले, ते तिच्या पदरात पडलं होतं. ताई तिच्याशी बोलत होत्या, रागावत होत्या, तिला 'गं' म्हणत होत्या. आता तिनं "बरं" म्हणायचं आणि घरी जाऊन चहा टाकायचा.

पण "बरं" काही तोंडातून निघेना. तिला सकाळचा तो काळा पट्टा आठवला, धक्क्याच्या सावलीतला, जो दोनशे डोळ्यांपैकी फक्त तिच्या डोळ्यांना दिसला होता. दोन वर्षं आपण समजत होतो की आपल्याला ताईंचा शब्द हवाय. शब्द मिळाला, तरी ती जागा दुसऱ्याला द्यायची कल्पना सोसवत नव्हती. स्वतःचंच तिला नवल वाटलं, आणि जरा भीतीही.

"ताई, मला ती जागा हवीय," ती म्हणाली.

"अगं, सांगितलं ना, बोलायला..."

"बोलण्यासाठी नाही. मला हवीय. वजन कमी आहे, कबूल. पण त्याला झोत थोबाडावर आदळल्याशिवाय कळत नाही. तुम्हीच म्हणायचात."

"मी तुला कधी म्हटलं?"

"त्याला म्हणायचात. मी त्याच खोलीत असायचे."

नणंदेनं शिडाची पिशवी बांधली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. भावजयीनं तिच्याकडे बघितलं, आणि या वेळी नजर खाली घेतली नाही.

"हे बघ," शेवटी नणंद म्हणाली, "तो माझा भाऊ आहे आणि पोरवयापासून माझ्या बोटीत बसलाय. त्याला मी नाही म्हणणार नाही. तुलाही आता नाही म्हणवत नाही. तुम्ही नवरा-बायको आहात. तुमचं तुम्ही भांडा. जो जिंकेल त्यानं बसावं. मी मध्ये पडणार नाही."

तेवढ्यात टपाल आला. गालाला बर्फाची पिशवी लावलेली, तोंडात कापूस, डोळे औषधानं जड. यादी त्यानं येतानाच पाहिली होती आणि तो धावत आला होता. सवयीप्रमाणे तो दोघींच्या मधोमध येऊन उभा राहिला, आधी बहिणीकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि निरोपाची वाट बघायला लागला.

बहीण दोरी गुंडाळत राहिली.

"खांदा अगदी बरा झालाय ना तुझा?" बायकोनं विचारलं.

त्यानं मान डोलावली. हात वर करून, मागं नेऊन, गोल फिरवूनही दाखवला. तिला आनंद होईल असं त्याला वाटत होतं.

"मग घरी गेल्यावर तयारीला लाग," ती म्हणाली. "ती जागा मी तुला अशी देणार नाही."